दात पांढरे करायचेत? पैसे घालायच्या आधी हे वाचा (नाशिककरांसाठी)

तुळशीचं लग्न झालं की ओळखीत दोन प्रश्न फिरायला लागतात, लॉन्स कुठलं स्वस्त पडेल आणि दात पांढरे कुठे करून मिळतील. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, कारण मी हे सगळं स्वतः करून घेतलंय, क्लिनिंग झालं, दातांवर बसवायचा ट्रे झाला, त्यात भरायचं व्हायटनिंगचं जेल झालं, मधेच येणारी ती सणक झाली आणि बिनहळदीचं जेवण पण झालं. मी डॉक्टर नाही, पण खुर्चीत बसून दातांच्या डॉक्टर मॅडमचं डोकं भरपूर खाल्लंय आणि त्यांनी जे सांगितलं ते लक्षात ठेवलंय, तेच इथे क्रमाने लिहितो.

आधीच सांगून ठेवतो, व्हायटनिंग पाहिजे म्हणून जाणाऱ्या बऱ्याच लोकांचं काम नुसत्या क्लिनिंगवर भागतं. आणि क्लिनिंगनंतरही दात पिवळे वाटले तर तो पिवळेपणा कशाचा आहे हे कळल्याशिवाय पुढचा एक रुपया घालू नका. कारण काही डाग ब्लीचने (म्हणजे व्हायटनिंगच्या जेलने) जातात, काही जात नाहीत आणि काही तर उलट जास्त उठून दिसतात.

१. पिवळेपणा कुठल्या जातीचा आहे ते बघा

बाथरूमच्या आरशात बघू नका, तिथला बल्बच पिवळा असतो. सकाळी दहा-अकराला खिडकीशी उभं राहा, ओठ वर करा, गालाजवळ कोरा कागद धरा आणि फ्लॅश बंद ठेवून कोणाकडून तरी फोटो काढून घ्या. हा फोटो जपून ठेवा, पुढे कामाला येतो.

आता पहिला गैरसमज, की निरोगी दात कागदासारखा पांढरा असतो. नसतो. दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल हे दुधी काचेसारखं असतं, त्यातून आतलं डेंटिन दिसतं आणि डेंटिनचा मूळ रंगच पिवळट आहे. वय वाढतं तसं इनॅमल झिजून पातळ होतं आणि आतला पिवळा जास्त दिसायला लागतो, म्हणून पन्नाशीतल्या माणसाचे दात अगदी स्वच्छ असले तरी पंचविशीतल्यासारखे दिसणार नाहीत. सुळे तर सगळ्यांचेच बाजूच्या दातांपेक्षा पिवळे असतात, त्यात काही बिघडलेलं नसतं.

फोटोत साधारण यातलं काहीतरी दिसेल:

- दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला तपकिरी-काळं, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जिभेला खरखरीत लागणारा थर. हे वरचे डाग आणि कीटण. चहा, तंबाखू, गुटखा, मशेरी, पान. हे क्लिनिंगने जातं, व्हायटनिंगचा इथे काही संबंध नाही.
- सगळे दात एकसारखे पिवळट आणि वर काही चिकटलेलं नाही. हा आतला रंग. व्हायटनिंग याच्यासाठीच असतं आणि इथेच ते सगळ्यात छान चालतं.
- दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी चट्टे, लहानपणापासूनचे. बऱ्याचदा हे फ्लोरोसिस असतं, लहानपणी पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे होतं, विदर्भात यवतमाळ-चंद्रपूरकडे वाढलेल्या लोकांमध्ये तुम्ही पाहिलं असेल. याला नुसतं ब्लीच केलं की आजूबाजूचा दात पांढरा होतो पण चट्टा तसाच राहतो. त्याच्यासाठी मायक्रोॲब्रेजन (वरचा डाग हलका घासून काढणं), रेझिन इन्फिल्ट्रेशन (चट्ट्यात पातळ रेझिन मुरवणं) असे वेगळे उपाय आहेत.
- राखाडी-निळसर आडवे पट्टे. लहानपणी, दात बनत असताना, टेट्रासायक्लीन गटातलं अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर असं होतं. ब्लीच चालतं पण महिनोन् महिने लागतात आणि पूर्ण जाईलच असं नाही.
- एकच दात काळपट. लहानपणी सायकलवरून पडलात, झोपाळा तोंडावर लागला, असं काही आठवतंय का बघा. त्या दाताची नस मेलेली असू शकते. इथे एक्स-रे आधी, बहुतेक वेळा रूट कॅनाल आणि मग त्या एकाच दाताला आतून ब्लीच. सगळ्या दातांचं पॅकेज घेऊन याला काहीही फरक पडत नाही.

लहान मुलांच्या दातांवर काळे डाग असतील तर आयर्नचं सिरप चालू आहे का बघा, ते वरवरचे असतात, डॉक्टरकडे साफ होतात. लिंबू लावून घासत बसू नका पोराच्या दातांवर.

२. घरगुती उपाय आणि मोबाईलवर दिसणारं सामान

यावर सगळ्यात जास्त वाद होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिंबू: दाताचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या (पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. म्हणजे लिंबू चोळल्यावर दात चकचकीत वाटतो तो वरचा थर खरवडला गेल्यामुळे. इनॅमल परत उगवत नाही. चार-सहा महिने हे केलंत की खालचं डेंटिन जास्त दिसणार आणि दात आधीपेक्षा पिवळे दिसणार. द्राक्षाच्या सीझनमध्ये बागेत बसून घडच्या घड खाल्ले की दात आंबतात ना, ते पण आम्लच, तिथे निदान आपण चोळत तरी नाही.

खायचा सोडा: याला उगाच बदनाम केलंय. सोडा तसा मऊ असतो, वरचे डाग थोडे काढतो, सोडा असलेल्या पेस्ट पण मिळतात. पण आतला रंग तो बदलत नाही आणि सोडा-लिंबू एकत्र करून जो फेस येतो त्याने तर काहीच होत नाही, फेस बघायला मजा येते एवढंच.

कोळसा: काळी पावडर, काळी पेस्ट, काळा ब्रश. कोळशाने दात पांढरे होतात याला भरवशाचा पुरावा नाही. कण खरखरीत असेल तर इनॅमल घासलं जातं आणि बारीक काळे कण फिलिंगच्या कडेला आणि हिरडीत अडकून बसतात ते वेगळंच. आपल्याकडे आजी-आजोबा राखुंडीने दात घासायचे हे खरंय, पण त्यांच्या दातांचे हिरडीजवळचे खाचे पण आठवून बघा.

लाल मंजन, जाड मीठ, कडक ब्रश: तिन्हीत गोष्ट एकच. जोर लावून आडवं घासलं की हिरडीजवळ दाताला खाच पडते, तिथलं इनॅमल मुळात पातळ, त्यामुळे नेमका तिथे पिवळा डेंटिन उघडा पडतो. मग माणसाला वाटतं दात अजून घाण आहेत, तो अजून जोर लावतो. सॉफ्ट ब्रश घ्या, दोन मिनिटं, हलक्या हाताने. दर महिन्याला ब्रशचे केस फुलासारखे बाहेर पडत असतील तर तुमचा हात जड आहे.

मशेरी: गावाकडे अजून बऱ्याच बायका सकाळी मशेरी लावतात आणि "दात स्वच्छ राहतात" असंच सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, बाकी काही नाही. पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केलीय, मशेरी मात्र घरोघरी भाजली जाते. दात काळे होतात ते एक, पण हिरडी आणि गालाच्या आतल्या कातडीचं काय होतं ते पुढे सहाव्या मुद्द्यात सांगतो.

व्हायटनिंग पेस्ट: वरचे डाग काढते, आतला रंग बदलत नाही. काही पेस्टमध्ये निळसर रंग असतो, तो दातावर बसला की पिवळेपणा डोळ्याला कमी दिसतो. ते जांभळं सीरम पण हेच करतं, फोटोपुरतं ठीक आहे, दोन चुळा भरल्या की खेळ खल्लास.

माऊथवॉश: यात एक गंमत आहे. हिरडी सुजल्यावर डॉक्टर क्लोरहेक्सिडीनवाला माऊथवॉश देतात आणि लोक "तोंडाला छान वाटतं" म्हणून तो महिनोन् महिने चालू ठेवतात. त्यानेच दातांवर तपकिरी डाग पडतात. बाटलीवर नाव वाचा आणि जितके दिवस सांगितलाय तितकेच दिवस वापरा.

ऑनलाइन एलईडी किट: निळा लाइट तोंडात धरून बसायचं ते. पांढरं करतं ते जेल, लाइट नाही. त्यामुळे किट घ्यायच्या आधी जेलमध्ये काय आहे आणि किती टक्के आहे ते वाचा, लिहिलेलंच नसेल तर सोडून द्या. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्यापेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेलं व्हायटनिंग थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही, ते दंतवैद्याकडूनच मिळतं आणि १८ वर्षांखालच्यांना वापरायचं नाही. यावरूनच समजा की हे क्रीम-पावडरसारखं घरात आणून कोणालाही लावायचं सामान नाही. आणि या किटमधला ट्रे सगळ्या जगाच्या दातांना एकच माप, त्यामुळे जेल दातावर कमी आणि हिरडीवर जास्त जातं.

३. डॉक्टर कसा शोधायचा

कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठेही उभं राहा, नजर टाकाल तिथे दातांच्या दवाखान्याची पाटी आहे. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस आहे का बघा आणि आत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र लावलेलं असतं ते बघा. दिसलं नाही तर विचारा, विचारण्यात काही लाजायचं नाही.

पार्लर, सलून, लग्नाच्या प्रदर्शनातले स्टॉल इथे "टीथ व्हायटनिंग वीस मिनिटांत" असं बोर्ड दिसतं. तिथे जाऊ नका. दातांवर उपचार करायला नोंदणी लागते, ब्यूटी कोर्स केलेल्या मुलीला तुमच्या दाढेत कीड आहे का, हिरडी खाली गेलीय का हे कसं कळणार. सोनाराने कान टोचलेले बरे.

बजेट कमी असेल तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं केबीएच डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात विद्यार्थी काम करतात पण वर शिकवणारे डॉक्टर तपासत असतात, आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. फक्त वेळ द्यावा लागतो. आधी केसपेपर, मग तपासणीच्या विभागात सगळं तोंड बघतात, मग क्लिनिंगसाठी "पेरिओ"ला पाठवतात आणि व्हायटनिंग असेल तर "कॉन्झर्व्हेटिव्ह"ला. हे दोन शब्द लक्षात ठेवा म्हणजे कॉरिडॉरमध्ये भटकावं लागणार नाही. सकाळी लवकर जा, आणि एकाच दिवसात सगळं होईल ही अपेक्षा ठेवून ऑफिसमधून हाफ डे काढू नका. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पण दातांची ओपीडी आहे, पण ती दुखणं-खुपणं, दात काढणं यासाठी, तिथे कोणी तुमचे दात पांढरे करायला बसलेलं नाही.

पैशांचं बोलणं आधी करा. "व्हायटनिंगचे किती" एवढंच विचारू नका, त्यात क्लिनिंग धरलंय का, किती सिटिंग, ट्रे आणि जेलच्या सिरिंज वेगळ्या का, जीएसटी धरून का, आणि नंतर परत जेल लागलं तर एका सिरिंजचे किती, हे सगळं विचारा आणि कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझ्या एका मित्राला एका क्लिनिकमध्ये ऑफरचा आकडा वेगळा आणि बिलाचा वेगळा निघाला, कारण ऑफरमध्ये फक्त वरचे दात होते. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, कॉस्मेटिक म्हणून सरळ नाकारतात.

४. जाताना बरोबर काय न्यायचं

- आधार कार्ड (कॉलेजात केसपेपरसाठी उपयोगी)
- दातांचे जुने एक्स-रे, रूट कॅनाल किंवा कॅपची फाइल असेल तर ती
- चालू गोळ्यांची यादी, बीपी-शुगर-रक्त पातळ करायची गोळी असेल तर नक्की
- खिडकीतला तो फोटो
- कुठल्या दातात सिमेंट भरलंय, कुठला दात पडून आपटला होता, हे आठवून लिहिलेला कागद

५. आधी क्लिनिंग, मग पंधरा दिवस थांबा

क्लिनिंगबद्दल आपल्याकडे जेवढ्या अफवा आहेत तेवढ्या व्हायटनिंगबद्दल पण नाहीत. आमची आत्या मला म्हणाली, "अरे मशीन लावू नकोस, माझे दात त्यानंतरच हलायला लागले." आत्याला दोष देत नाही, तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. पण मॅडमने जे समजावलं ते असं, की वर्षानुवर्षं साचलेलं कीटण हिरडीला खाली ढकलतं आणि आतलं हाड झिजवतं, दात तेव्हाच सैल झालेले असतात, फक्त कीटणाच्या गठ्ठ्याने ते एकमेकांना धरून ठेवलेले असतात. गठ्ठा काढला की हलणं जाणवतं. तसंच "फटी पडल्या" म्हणतात तेव्हा त्या फटी आधीपासूनच होत्या, त्यात माल भरलेला होता.

मशीनने इनॅमल घासलं जातं हे पण खरं नाही. ते टोक बारीक कंपन करतं, कीटण फुटून निघतं, वरून पाणी चालू असतं. आवाज डोक्यात जातो आणि खालच्या पुढच्या दातांना जरा सणक बसते, तेवढं धरून चाला. हिरडीतून रक्त आलं तर घाबरू नका, सुजलेल्या हिरडीतून येतंच, हिरडी बरी झाली की थांबतं.

मग पंधरा दिवस जाऊ द्या. हिरडी बसते, सणक कमी होते, आणि मुख्य म्हणजे तुमच्या दातांचा खरा रंग दिसतो. परत खिडकीशी उभं राहून फोटो काढा आणि आधीच्या फोटोशेजारी ठेवा. खूप जण इथेच थांबतात, आणि थांबलेलं बरंच आहे.

६. कोणी व्हायटनिंग करू नये, किंवा आत्ता करू नये

गरोदर असाल किंवा अंगावर दूध पाजत असाल तर पुढे ढकला, कोणी घाई करत नाहीये. १८ वर्षांखालच्या मुलामुलींना नको. दातात कीड, तडा, सुटलेलं सिमेंट असेल तर आधी ते नीट करा, कारण जेल त्या भोकातून थेट नसेपर्यंत पोचतं आणि मग रात्रभर ठणका. हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली असतील तर नीट विचारून घ्या, मुळांवर इनॅमल नसतं म्हणून ती पांढरी होत नाहीत, फक्त सणकतात.

कॅप, व्हिनिअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेलं पातळ आवरण) आणि दाताच्या रंगाचं सिमेंट यांवर ब्लीचचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे पुढच्या दातावर जुनी कॅप असेल तर बाजूचे दात पांढरे होणार आणि कॅप पिवळी दिसणार, मग ती बदलायचा खर्च वेगळा. कीड नसेल आणि पुढच्या दाताला नुसतं दिसण्यासाठी नवीन कॅप किंवा फिलिंग करायचं असेल तर क्रम उलटा करा, आधी व्हायटनिंग, मग साधारण दोन आठवडे थांबून नवीन रंगाला जुळवून फिलिंग. ते दोन आठवडे का, तर ब्लीचनंतर दातात ऑक्सिजन राहिलेला असतो आणि त्यावर सिमेंट नीट चिकटत नाही.

आणि तंबाखू-गुटखा-मशेरीवाल्यांनो, हे जरा थांबून वाचा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहितीय, त्यावर मी काय बोलू. पण दात पांढरे करायच्या आधी आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट खाल्लं की आग होत असेल, गाल आतून ताठ झाल्यासारखा वाटत असेल, किंवा आत पांढरा-लाल चट्टा असेल जो पुसून जात नाही, तर दातांच्या डॉक्टरकडे त्यासाठी जा, याच आठवड्यात जा. तोंडाच्या कॅन्सरच्या आधीची लक्षणं अशीच असतात. सोडायचं असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

७. क्लिनिकमधलं की घरी ट्रे लावून

दोन्हीत औषध तेच, पेरॉक्साइड. ते इनॅमलमधून आत झिरपतं आणि डेंटिनमधल्या रंगाच्या कणांना फोडतं. "वरचा थर सोलतात" हा गैरसमज आहे, सोलत काही नाहीत. योग्य प्रमाणात, डॉक्टरच्या देखरेखीखाली केलं तर दात कमकुवत होत नाही. दर महिन्याला हौस म्हणून करत राहिलात तर ती गोष्ट वेगळी.

क्लिनिकमध्ये जेल जोरदार असतं, २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. आधी रंगांची पट्टी काढतात, तीत १६ नकली दात ओळीने लावलेले असतात, एकेक तुमच्या दाताला टेकवून बघतात आणि नंबर लिहितात, बहुतेक लोक "ए टू", "ए थ्री" च्या आसपास निघतात. तो नंबर तुमच्यासमोर लिहायला लावा आणि पट्टीसकट फोटो काढायला सांगा, नंतर "खूप फरक पडलाय" असं नुसतं ऐकून घ्यायची वेळ येत नाही. मग गाल बाजूला धरणारं प्लास्टिकचं क्लिप, मग हिरडीच्या कडेने एक पट्टा सोडतात जो निळ्या लाइटखाली कडक होतो. हा पट्टा नीट बसणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते जेल हिरडीला लागलं तर हिरडी पांढरी पडते आणि चुरचुरते. तसं झालं तर बोलता येत नाही म्हणून गप्प बसू नका, हात वर करा. पांढरी पडलेली हिरडी बहुतेक वेळा काही तासांत पूर्ववत होते. जेल १५-२० मिनिटं ठेवून ओढून काढतात, परत लावतात, असं दोन-तीनदा.

त्याच दिवशी आरशात दात जितके पांढरे दिसतात तितके राहत नाहीत. तासभर तोंड उघडं राहून दात कोरडे पडलेले असतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. तीन-चार दिवसांत रंग थोडा खाली येतो आणि तोच खरा. पांढरे ठिपके असतील तर ते पहिल्या दिवशी भयंकर उठून दिसतात, मग बरेचसे बसतात. "लेझर व्हायटनिंग" म्हणून जास्त पैसे मागितले तर विचार करा, लाइटमुळे शेवटी फार वेगळा रंग मिळतो असं दिसलेलं नाही.

घरच्या पद्धतीत तुमच्या दातांचं माप घेऊन पातळ पारदर्शक ट्रे बनवतात आणि १० टक्क्याच्या आसपास कार्बामाइड पेरॉक्साइडच्या सिरिंज देतात. १० टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे क्लिनिकपेक्षा खूप सौम्य. ही पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी मांडली आणि अजून चालू आहे. रोज काही तास किंवा रात्रभर, दोन आठवडे वगैरे. हळू होतं पण शेवटचा रंग क्लिनिकच्या तोडीचा येतो आणि सणक कमी असते. माझं मत विचाराल तर घाई नसेल तर हेच घ्या.

जेल टाकताना प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. जास्त टाकलं तर ट्रे दाबल्यावर बाहेर हिरडीवर येतं, ते लगेच कापसाने किंवा बोटाने पुसून घ्या. चव किंचित गोडसर-औषधी असते आणि लाळ खूप सुटते, पहिल्या रात्री उशीवर टॉवेल टाका.

८. पहिले दोन दिवस खायचं काय

डॉक्टर सांगतात की ४८ तास रंगाचं काही खाऊ नका. सांगायला सोपं आहे, आपल्या घरात हळद नसलेला पदार्थ शोधून दाखवा. वरण गेलं, पोहे गेले, उपमा चालतो पण फोडणीत हळद नको, मिसळ तर विषयच सोडा, काळ्या मसाल्याची असो की लाल तर्रीची.

यावर आमच्या वहिनीने तोडगा काढला, की उपवासाचं खा. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी (लाल तिखट न घालता), दही, ताक, दूध, केळं, बटाटा. उपवासात हळद नसतेच, त्यामुळे सगळं आपोआप बसतं. एकादशीच्या आदल्या दिवशी अपॉइंटमेंट घ्या, घरात वेगळा स्वयंपाक करायला पण कोणाला सांगावं लागत नाही. याशिवाय दहीभात, तांदळाची भाकरी, पनीर, सांबार न घेता इडली-खोबऱ्याची चटणी.

नको ते: चहा, कॉफी, कोला, बीट, जांभूळ, काळी द्राक्षं, सोया सॉसवालं चायनीज, सिगारेट. आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत जायचा प्लॅन असेल तर पुढच्या वीकेंडला टाका. रेड वाईन डाग पाडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण व्हाईट चालते असं नाही, ती पण आम्लच, तिने दात मऊ पडतात आणि मग वर चहा प्यायला की रंग लवकर धरतो. पुढे कधीही वाईन, लिंबूसरबत, द्राक्षं झाली की साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा, लगेच नको.

९. सणक आली तर

येते. गार पाणी पिताना, कधी कधी काहीच न करता एका दातात विजेसारखी एक चमक जाते आणि संपते. बहुतेकांची काही दिवसांत थांबते. पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन आठवडे आधीपासून सुरू करा, नुसती आदल्या दिवशी लावून उपयोग नाही. घरी ट्रे चालू असेल तर एक दिवसाआड करा, वेळ कमी करा, तुम्हाला कोणी बक्षीस देणार नाहीये रोज लावलं म्हणून. एकाच दातात सतत दुखत राहिलं किंवा रात्री झोप मोडली तर थांबा आणि डॉक्टरला फोन करा, तिथे बहुतेक कीड किंवा तडा लपलेला असतो.

१०. लग्नाच्या तारखेवरून उलटं मोजा

लग्नाच्या आठवड्यात व्हायटनिंग करणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. साधारण असं धरा:

- दोन-अडीच महिने आधी: तपासणी, एक्स-रे, कीड असेल तर फिलिंग, क्लिनिंग
- दोन महिने आधी: सेन्सिटिव्हिटीची पेस्ट चालू, ट्रेचं माप
- दीड महिना आधी: घरी ट्रे सुरू किंवा क्लिनिकची सिटिंग
- महिनाभर आधी: व्हायटनिंग संपलेलं
- पंधरा दिवस आधी: जुनी कॅप किंवा पुढच्या दातांचं सिमेंट बदलायचं असेल तर ते
- हळदीच्या दिवशी: हळद गालाला लावा, दाताला नको, बाकी काही करायचं नाही

सिनेमातल्या नटांसारखे दात ब्लीचने होत नाहीत हे पण नवरा-नवरीने समजून घ्या, तिकडे बऱ्याचदा व्हिनिअर किंवा कॅप असतात. त्यासाठी दात कायमचा तासावा लागतो आणि ठरावीक वर्षांनी ते बदलावे लागतात. कोणी व्हायटनिंगला गेल्यावर व्हिनिअर सुचवायला लागलं तर घरी येऊन दोन दिवस विचार करा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

११. किती टिकतं आणि पुढे काय

कायमचं नसतं. दिवसातून सहा टपरीचे चहा आणि वर सिगारेट असेल तर काही महिन्यांतच उतरायला लागतं, नाहीतर वर्षभर, कोणाचं दोन-तीन वर्षं. चहा सोडा असं मी सांगणार नाही, मी स्वतः सोडलेला नाही. घोट घोट घेत अर्धा तास चघळत बसण्यापेक्षा गरम गरम पिऊन संपवा आणि मागून पाणी प्या. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासा, १००० ते १५०० पीपीएम लिहिलेली. क्लिनिंग किती महिन्यांनी करायचं ते हिरडी बघून डॉक्टर सांगतील, साधारण सहा महिने ते वर्ष.

ट्रे टाकून देऊ नका. रंग उतरला की दोन-तीन रात्री जेल लावलं तरी पुरतं, म्हणजे नुसत्या सिरिंजचा खर्च. ट्रे गार पाण्याने आणि ब्रशने धुवा, गरम पाणी लागलं की वाकडा होतो आणि परत माप द्यावं लागतं. कोरडा करून डबीत ठेवा. उरलेल्या सिरिंज फ्रीजमध्ये, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, आणि पाकिटावरची तारीख गेली असेल तर वापरू नका. ट्रे घरात दुसऱ्या कोणाला देऊ नका, भावाने मागितला तरी, त्याच्या दातांना तो बसणारच नाही.